चाळीस तक्ते, चार रकाने: वनौषधी प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून वही सुरू. काम असं आहे: जगभरातल्या परंपरागत वैद्यकात वापरल्या गेलेल्या वनस्पतींचे चाळीस चित्रतक्ते, मराठीत, फिरत्या प्रदर्शनासाठी. आम्ही चौघं आहोत. बाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सर आयुर्वेदाचे वैद्य, ताई चित्रं काढणार, आणि लिखाण माझ्याकडे.

वर चित्र, खाली चार रकाने: वनस्पतीचं नाव, प्रदेश, कोणत्या आजारावर, आजचं विज्ञान काय म्हणतं. उभ्याउभ्या वाचून होईल इतकाच मजकूर. सरांनी कच्चा नमुना पाहिला आणि म्हणाले, "हे 'अमुक झाड, तमुक रोग' असं झालंय. असं वैद्यक कुठेच नसतं." त्यांचं म्हणणं टिपून ठेवलं आहे, पण नमुना तूर्त तोच.

९ जानेवारी

यादी करायला बसले. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाच्या २०१७ सालच्या अहवालात औषधी उपयोगाची नोंद असलेल्या वनस्पतींच्या २८,१८७ जाती मोजल्या आहेत. त्यातून चाळीस निवडायच्या. निकष एकच ठेवला: जिच्या वापराची हकीकत शेवटपर्यंत तपासता येते तीच घ्यायची, नुसती कीर्ती पाहून नाही.

जुने ग्रंथ चाळले. इजिप्तचा एबर्स पपायरस साधारण इसवी सनापूर्वी १५५० चा. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीजचा ग्रंथ पहिल्या शतकातला, त्यात सहाशेच्या आसपास वनस्पती. चीनच्या ली शिझेनचा ग्रंथ १५९६ साली छापला गेला, त्यात १,८९२ द्रव्यं. पपायरसमध्ये तर पानोपानी मापं आहेत: किती घ्यायचं, कशात मिसळायचं, किती दिवस. झाड आणि रोग अशी जोडी लावून तिथे कुणी थांबलेलं नाही. सरांचं वाक्य पुन्हा आठवलं.

१४ जानेवारी

पहिली मोठी चूक, आणि ती माझीच. ब्राह्मीचा तक्ता लिहून पूर्ण केला, ताईंनी चित्रही काढलं. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे चित्र मंडूकपर्णीचं आहे आणि खालचे प्रयोग बाकोपावरचे आहेत. तुला नक्की कोणती ब्राह्मी म्हणायची आहे?"

दोन्ही झाडं ब्राह्मी या नावानं ओळखली जातात. एक सेंटेला एशियाटिका, पान वाटोळं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, देठ लांब. दुसरी बाकोपा मोनिएरी, पानं लहान, जाडसर, खोडाला चिकटलेली. कुळंसुद्धा वेगळी. दोन्हींची ख्याती बुद्धी आणि स्मरणासाठीच, म्हणून कुठून काय उचललं ते मला कळलंच नाही. शंखपुष्पीचं तर याहून अवघड आहे, त्या नावाखाली किमान चार झाडं वापरात आहेत.

पाचवा रकाना वाढवला: शास्त्रीय नाव, आणि ते कुणी तपासलं. बाईंची सही झाल्याशिवाय तक्ता पुढे जाणार नाही.

१५ जानेवारी

कालच्या चुकीनं झोप लागली नाही, कारण नावाच्या अशाच घोटाळ्यात माणसं आयुष्यातून उठली आहेत.

बेल्जियम, १९९० नंतरची दोन-तीन वर्षं. ब्रसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी दिली जात होती. तीत 'हान फांग जी' म्हणजे स्टेफानिया टेट्रँड्रा असायला हवी होती, तिच्याऐवजी 'ग्वांग फांग जी' म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची आली. नावात एका शब्दाचा फरक. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

ॲरिस्टोलोकियाचं कुळ जगभर औषधात आहे. ग्रीक नावाचा अर्थच 'बाळंतपणाला उत्तम' असा, आणि मराठीतला सापसंद याच कुळातला. मग इतक्या वैद्यांना शेकडो वर्षांत त्याचं विष कळलं कसं नाही? मी सरांना हे विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोटात मुरडा आला, उलटी झाली, झापड आली, तर वैद्याला त्याच दिवशी कळतं. वीस वर्षांनी मूत्रपिंड गेलं तर ते औषध कुणाला आठवणार?"

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शतकानुशतकं वापरात आहे म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद लगेच दिसणाऱ्या अपायापुरताच खरा. उशिरा येणारा अपाय परंपरेच्या डोळ्यांना दिसत नाही, तो दिसायला नोंदवह्या आणि मोजणी लागते. सहावा रकाना: धोका. लाल शाईत.

२३ जानेवारी

ताईंना चित्रासाठी नमुना हवा म्हणून सदाफुली दाबायला घेतली. फांदीवर समोरासमोर पानं, वर चकचकीत, मधली शीर पांढुरकी. फूल पाच पाकळ्यांचं, मध्यभागी गडद टिपका, आणि पाकळ्यांखाली सुईसारखी बारीक नळी. पानांच्या बेचक्यात जोडीनं आलेल्या सडपातळ शेंगा. एक पान मुद्दाम उलटं ठेवलं, खालची बाजूही दिसावी म्हणून. टीपकागदात घालून वर वजन ठेवलं.

२८ जानेवारी

नमुना वाया गेला. दोन दिवस कागद बदलायचा राहिला आणि जाड खोडाच्या भोवती बुरशी धरली. पाकळ्या तपकिरी पडून एकमेकींना चिकटल्या. बाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा. खोड उभं चिरून अर्धं काढून टाकायचं." पुन्हा नवी फांदी.

३ फेब्रुवारी

आज छिंगहावचा तक्ता. वेळ सर्वांत जास्त लागला आणि याच तक्त्यानं अख्ख्या नमुन्याची मोडतोड केली.

छिंगहाव म्हणजे आर्टेमिसिया ॲन्युआ, आपल्या दवण्याच्याच प्रजातीतली. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या चिनी वैद्यानं तातडीच्या उपचारांची पुस्तिका लिहिली. हिवतापावर त्याची कृती अगदी थोडक्यात: मूठभर छिंगहाव दोन शंग (जुनं चिनी माप) पाण्यात भिजवायची, पिळायची, निघालेला रस सगळा प्यायचा.

२३ मे १९६७ ला चीननं हिवतापावरच्या औषधासाठी गुप्त मोहीम काढली, तारखेवरूनच तिचं नाव पडलं ५२३. तू यूयू १९६९ मध्ये त्यात आल्या. त्यांच्या गटानं जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर कृती गोळा केल्या, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. छिंगहावचा अर्क एकदा ६८ टक्के परिणाम दाखवी, आणि पुढच्या वेळी जेमतेम बारा किंवा चाळीस. असं का, हे कळेना.

तेव्हा त्या पुन्हा गे होंगच्या ओळीकडे वळल्या. बहुतेक चिनी औषधं उकळून काढा करून घेतात, इथे तर उकळायचं नावच नाही. भिजवून पिळायचं. म्हणजे उष्णतेनं गुण जात असेल? त्यांनी ईथर वापरला, जो सुमारे ३५ अंशांनाच उकळतो. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांच्या रक्तातले सगळे परजीवी संपवले. पुढच्या वर्षी माणसांना देण्याआधी तू यूयूंनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. १९७२ मध्येच शुद्ध आर्टेमिसिनिन वेगळं झालं. तू यूयूंना नोबेल २०१५ साली.

त्यांच्याच सांगण्यातले तपशील पाहा: गुण पानांत आहे, खोडात नाही. फुलोऱ्याआधीच्या पानांत जास्त. बीजिंगजवळच्या झाडांत अगदी कमी, सिचुआनच्या झाडांत भरपूर. माझ्या पहिल्या नमुन्यात या तक्त्यावर काय राहिलं असतं? 'छिंगहाव, चीन, हिवताप, होय.' ज्या ओळीमुळे शोध लागला तीच गाळली गेली असती.

आणखी तीन रकाने: कोणता भाग, केव्हा तोडायचा, कसा करायचा. ताई म्हणाल्या, चित्राला जागा उरणार नाही. खरं आहे. तक्त्याचा आकारच वाढवायचा ठरलं.

धोक्याच्या रकान्यात: या पानांचा चहा करून हिवतापावर घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेचा तसा स्पष्ट सल्ला आहे, कारण चहात औषधाचं प्रमाण अपुरं आणि अनिश्चित असतं, आणि अपुऱ्या मात्रेनं परजीवी त्या औषधाला सरावतात.

४ फेब्रुवारी

याच प्रजातीच्या आणखी दोन हकीकती हाती लागल्या. चीन-जपानमध्ये हिच्यातल्या दुसऱ्या जातींच्या पानांची लव वाळवून तिची वात त्वचेजवळ जाळून शेक देतात. आणि इंग्लंडमध्ये हजारेक वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात नऊ वनस्पतींचा मंत्र आहे. त्यात पहिला मान याच प्रजातीतल्या मगवर्टला, मंत्र तिला वनस्पतींतली सर्वांत जुनी म्हणतो. प्रत्येक वनस्पतीवर तो तीनदा गायचा, रोग्याच्या तोंडात, दोन्ही कानांत, जखमेवर गायचा, आणि मगच लेप लावायचा.

मंत्र लिहायचा की नाही यावर चर्चा झाली. मी म्हटलं, लिहायचा. तो बरं करणाऱ्याच्या कृतीचा भाग आहे. रोगी तिथे एकटा नव्हता, कुणीतरी त्याच्या कानाशी गात होतं, हे गाळून त्या लेपाची हकीकत पुरी होत नाही. सर लगेच तयार झाले, बाई थोड्या नाखुषीनं.

११ फेब्रुवारी

वचनाग. सरांनी स्वतः लिहायला घेतला, कारण या झाडात चुकीला क्षमा नाही.

ॲकोनाइट, म्हणजे वचनागाची प्रजाती, जगभर आधी विष म्हणूनच माहीत होतं. उत्तर जपानच्या ऐनू शिकाऱ्यांनी आणि हिमालयातल्या शिकाऱ्यांनी ते बाणांना लावलं, युरोपात लांडग्यांसाठी वापरलं. तरीही चिनी वैद्यक आणि आयुर्वेद, दोघांनीही ते औषधात आणलं, आणि दोघांनीही आधी त्याचं शोधन केलं. आयुर्वेदात कंद गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून. चीनमध्ये मुरवून, तासन्‌तास उकळून.

रसायनशास्त्राप्रमाणे कारण एकच निघतं. ॲकोनाइटिनच्या रेणूतले एस्टर बंध पाणी आणि उष्णता मिळाली की तुटतात, आणि उरणारे रेणू कित्येक पटींनी सौम्य असतात. छिंगहावला उष्णता नको, वचनागाला उष्णतेवाचून गत नाही. एकाला भिजवून पिळायचं, दुसऱ्याला शिजवत राहायचं. 'कसा करायचा' हा रकाना आता मी कुणाच्याही सांगण्यावरून काढणार नाही.

सरांनी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिलं: अर्धवट शिजवलेल्या ॲकोनाइटनं आजही माणसं दगावतात, घरी करून पाहू नये.

१९ फेब्रुवारी

विलो झटपट झाला. वाळुंजाच्या प्रजातीतलं झाड. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मगुरूनं रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की विलोची साल चाखली तर ती सिंकोनासारखी, म्हणजे क्विनीनच्या झाडाच्या सालीसारखी, कडू लागली, म्हणून ती तीन महिने भटारखान्याच्या भट्टीवर वाळवून, कुटून, तापाच्या सुमारे पन्नास माणसांना दिली. ताप दलदलीत येतो, विलोही दलदलीत वाढतो, म्हणून उपायही तिथेच असणार असा त्याचा कयास होता. कयास चुकीचा, पण ताप उतरला, कारण सालीतलं सॅलिसिन. ते १८२८ मध्ये वेगळं झालं, आणि त्या वाटेनं पुढे १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं.

फॉक्सग्लोव्हनं मात्र अडवलं. विल्यम विदरिंग या डॉक्टरला १७७५ मध्ये एका घरगुती औषधाबद्दल मत विचारलं गेलं. श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईचं ते गुपित, अंगाला सूज चढलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी तिनं बरे केले होते. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली गुणाची फॉक्सग्लोव्ह, हे विदरिंगनं ओळखलं. मग दहा वर्षं खपला: मूळ की पान, कोणत्या ऋतूतलं, किती मात्रा, कुठे थांबायचं. फुलोऱ्याच्या वेळचं पान, वाळवून पूड, थोड्या मात्रेत. १७८५ मध्ये त्यानं दीडशेहून जास्त रोग्यांच्या हकीकती छापल्या, फसलेल्यासुद्धा. जास्त झालं की उलट्या होतात, नजरेला पिवळंहिरवं दिसतं, नाडी मंदावते, हे सगळं त्यात आहे. असा प्रामाणिक माणूस विरळा.

पण त्या बाईचं नाव? विदरिंगच्या पुस्तकात ते नाही. विसाव्या शतकात औषधाच्या जाहिरातीनं तिला एक नाव चिकटवलं आणि ते बऱ्याच ठिकाणी खरं म्हणून छापलं गेलं. मी तेच नाव उत्साहानं तक्त्यावर घातलं होतं. आज खोडलं.

दहावा रकाना: कुणी सांगितलं.

२६ फेब्रुवारी

दहाव्या रकान्यासाठी आधीचे सगळे तक्ते पुन्हा उघडले. सिंकोनापाशी थांबले, आणि दिवस तिथेच गेला.

अँडीज पर्वतातलं हे झाड, ज्याच्या सालीतून १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू यांनी क्विनीन वेगळं केलं, म्हणजे जुन्या मराठीतलं कोयनेल. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७४२ मध्ये त्याला चिंचोनच्या काउंटेसचं नाव दिलं, ती या सालीनं बरी झाली अशी गोष्ट होती म्हणून. गोष्टीला आधार नाही, आणि नावातलं एक अक्षरही लिहिताना गळलं, तरी नाव राहिलं.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या सत्तांना या झाडाचं बी हवं होतं. उत्तम क्विनीनचं झाड कोणतं हे बोलिव्हियातल्या मानुएल इंक्रा मामानी या आयमारा जमातीच्या माणसाला पारखता येत होतं. त्यानं बी जमवून चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला दिलं. १८६५ मध्ये त्यातलं काही डचांनी घेतलं, जावा बेटावर लावलं, आणि पुढे कित्येक दशकं जगाचं बहुतेक क्विनीन तिथून आलं. त्या झाडाला नाव मिळालं लेजेरियाना. मानुएलला त्याच्या देशात बी बाहेर दिल्याबद्दल पकडलं, मारहाण झाली, आणि त्यातच तो गेला.

हजारो झाडांतून नेमकं झाड ज्याच्या डोळ्यांनी निवडलं, त्याचं नाव शास्त्रीय नावात कुठेच नाही. आमच्या तक्त्यावर ते मोठ्या टायपात जाईल. ताईंना सांगितलं, झाडाशेजारी जागा ठेवा. चेहरा काढू नका, नुसतं नाव.

५ मार्च

नाव नोंदवलं गेलं अशीही उदाहरणं आहेत, आणि ती शोधताना आज आनंद झाला.

मेक्सिको, १५५२. मार्तिन दे ला क्रूझ या मूळनिवासी वैद्यानं नाहुआत्ल भाषेत सांगितलं, हुआन बादियानो यानं लॅटिनमध्ये उतरवलं, आणि रंगीत चित्रांच्या त्या हस्तलिखितावर दोघांचीही नावं आहेत.

आणि हॉर्टस मलबारिकस. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापलेले बारा खंड, ७४२ वनस्पती, करवून घेणारा कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड. ज्ञान सांगणारे इट्टी अच्युतन हे मलबारचे वैद्य, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य. पहिल्या खंडात त्यांची प्रमाणपत्रं छापली आहेत. तिघा भटांचं प्रमाणपत्र कोकणीत, देवनागरीत आहे, १६७५ चं. चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि देवनागरी लिपीत कोरलेली. एक चित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं. देवनागरी न येणाऱ्या कोरक्यानं ती अक्षरं चित्रासारखी उतरवली असणार, काही ठिकाणी वळणं अडखळतात. तरी वाचता येतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी काय सांगितलं ते आज आपल्या लिपीत वाचता आलं, आणि मी बराच वेळ त्या पानावरच राहिले.

८ मार्च

दहाव्या रकान्यातून अकरावा प्रश्न निघाला. नाव लिहिलं, पण त्या माणसाला किंवा समाजाला हे सांगायचं होतं का?

कलहारीतले सान लोक शिकारीच्या लांब वाटेवर हूडियाचं खोड चघळतात, भूक-तहान मंदावते म्हणून. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात त्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं, सानांना न विचारता. बोभाटा झाल्यावर २००३ मध्ये वाटा देण्याचा करार झाला.

केरळच्या अगस्त्य डोंगरातले काणी आदिवासी. १९८७ मध्ये वाट दाखवणारे काणी थकत नाहीत आणि एक फळ खात राहतात, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. आरोग्यपच्चा, म्हणजे ट्रायकोपस झेलॅनिकस. त्यावरून औषध झालं, परवाना-शुल्क आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा काण्यांच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं, आणि जगभर हे उदाहरण देतात. तरीही जमातीतल्या काही वैद्यांचा याला विरोध होता, हे ज्ञान बाहेर द्यायचं नसतं म्हणून. कौतुकाच्या लेखांत ही ओळ सहसा येत नाही. आमच्याकडे येईल.

याच्या अगदी उलट बाजूला हळद. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं, कारण तो उपयोग जुन्या लिखाणात दाखवता आला. त्यानंतर भारतानं २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारायला घेतला. लिहून ठेवलं म्हणून वाचलं, आणि लिहिलं गेलं म्हणून हातचं गेलंही. दोन्ही खरं आहे, आणि लिहिणारी मी असल्यानं हा प्रश्न मला टाळता येत नाही.

१७ मार्च

दोन तक्ते काढून टाकले. माहिती एकेका प्रवाशाच्या टिपणातून आलेली, सांगणाऱ्याला ती कशासाठी हवी हे सांगितल्याची खूण नाही, आणि वनस्पती पवित्र विधीतली. ताईंची चित्रं तयार होती, फार सुंदर होती. त्यांनी काही न बोलता ती बाजूला ठेवली. अडतीस उरले.

२१ मार्च

आज 'मागे काय ठेवायचं' यावर. हा रकाना बाईंनी मागितला.

कलहारीतलाच डेव्हिल्स क्लॉ. सांधेदुखीवर युरोपात त्याची मोठी मागणी. झाडाला एक मूळ-गाठ आणि तिला बाजूनं फुटलेल्या कंदांची रांग. जाणते खणणारे बाजूचे कंदच काढतात, मधलं मूळ जागेवर ठेवतात आणि खड्डा मातीनं बुजवतात. पुढच्या पावसात झाड पुन्हा उभं राहतं. घाईचा खणणारा सगळंच उपटतो. औषधाच्या शिशीवर हा फरक कुठे दिसणार?

उपलेट, म्हणजे कोष्ठ, १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या सर्वांत कडक यादीत आहे. जटामांसी १९९७ पासून दुसऱ्या यादीत. दोन्हींची मुळंच काढतात, हे त्यांच्या गतीचं मोठं कारण. सर म्हणाले, ग्रंथात जटामांसी जितक्या सहज लिहिलेली असते, तितक्या सहज ती आता चिठ्ठीवर लिहू नये असं त्यांना वाटतं.

सिल्फियम घ्यावं का? उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीचं झाड, तिथल्या नाण्यांवर कोरलेलं, औषधात आणि स्वयंपाकात इतकं मागितलं गेलं की रोमन लेखक प्लिनीच्या काळात एकच देठ मिळाला आणि तो नीरो बादशहाला पाठवला गेला. ते नेमकं कोणतं झाड, यावर आजही एकमत नाही. बाईंची सही मिळणार नाही म्हणून तक्ता नाही. पण एक रिकामी चौकट नाण्याच्या चित्रासह दारापाशी लावायची, असं ताईंनी सुचवलं. मान्य.

२९ मार्च

नवी सदाफुली नीट वाळली. रंग थोडा निळसर झाला, पण पाकळ्या सुट्या, टिपका स्पष्ट, उलटं ठेवलेलं पान हवं तसं. ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर टाचली.

मग मजकूर. मूळ मादागास्करची, तिथून उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेली. अनेक ठिकाणी मधुमेहावर पानांचा काढा घेत. १९५२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल यांना त्यांच्या एका रोग्यानं जमैकाहून पानं पाठवली, तिथे लोक मधुमेहावर वापरतात म्हणून. त्यांनी ती भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर फारशी हलली नाही. पण टोचलेले उंदीर संसर्गानं मरू लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर आशा, हे त्यांना उमगलं. १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जाहीर झालं, पुढे याच झाडातून व्हिनक्रिस्टिन आलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

लोकांनी एका रोगासाठी सांगितलं, गुण दुसऱ्याच रोगावर निघाला. मग लोकज्ञान चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. या पानात काहीतरी जबरदस्त आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि म्हणून ते पान पाकिटातून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलं. पण पानं चावून कर्करोग बरा होतो असंही नाही. औषधाचं प्रमाण पानात अत्यल्प, आणि तीच द्रव्यं नसांना, रक्ताला घातक. दोन्ही वाक्यं सारख्या टायपात छापायची.

४ एप्रिल

सगळ्या तक्त्यांची शेवटची तपासणी, चौघं एकत्र. तक्त्यावर आता बारा रकाने आहेत. उभ्याउभ्या वाचून होणार नाहीत, म्हणून प्रत्येकासमोर बसायला बाक ठेवायचा निर्णय.

'कुणी सांगितलं' हा रकाना अडतीसपैकी तेवीस तक्त्यांवर कोरा आहे. छपाईवाल्यानं विचारलं, रिकामा रकाना काढून टाकू का, मांडणी सुटसुटीत होईल. नाही म्हटलं. रकाना राहील, त्यात एक रेघ. फॉक्सग्लोव्हच्या तक्त्यावर रेघेपुढे इतकंच: 'श्रॉपशरमधली एक वृद्ध स्त्री, नाव नोंदवलेलं नाही'. सदाफुलीवर: 'जमैकातले लोक, आणि एक रोगी'.

वचनागाच्या तक्त्यावर लाल मजकुराचा टाइप लहान पडलाय. सरांकडे पुन्हा पाठवायचा. ब्राह्मीचे आता दोन तक्ते झालेत, दोन्हींवर बाईंची सही बाकी. कात्री, सुतळी आणि टीपकागद उद्या परत द्यायचेत.